पूर्वेच्या पंगतीत पु. ल.

स्मरणिका समितीने मला विषय दिला ‘प्रवास’. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी झाली, नऊ बदल्या झाल्या, पण बदलीला कोणी प्रवास म्हणत नाही. परदेशवारी एकच घडली, तीही टूरबरोबर. म्हणून स्वतःचं कौतुक न सांगता पु. ल. देशपांडे यांच्यावर लिहितो, असं मी कळवलं. त्यांच्यावर आता नवीन काय लिहिणार, अशी शंका दोघा-तिघांनी काढली. शंका रास्त आहे. आपल्याकडे गणपतीत दर दोन वर्षांनी कोणीतरी ‘म्हैस’ सादर करतोच. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला एकच धागा धरायचा आहे. तो म्हणजे त्यांचं खाणं, आणि ती आवड बरोबर घेऊन त्यांनी केलेला पूर्वेकडचा प्रवास. आपल्या कोल्हारच्या या चोवीस बिऱ्हाडांशी त्याचा संबंध आहे. तो शेवटी येईल, तोवर धीर धरावा.

पु.लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईच्या गावदेवीतला. बालपण जोगेश्वरीला आणि मग पार्ल्यात गेलं. शाळा पार्ले टिळक विद्यालय. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. त्यांनी रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ मराठी अभंगांत आणली होती. म्हणजे पूर्वेकडे तोंड करून बसलेला एक माणूस या मुलाने घरातच पाहिला होता. घर सारस्वताचं, त्यामुळे ताटात मासे. आणि पार्ल्यातल्या मित्रांकडे जायचं तर वरण-भात आणि लिंबाची फोड. दोन्हीकडे सारखंच मनापासून जेवायची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असा माझा अंदाज आहे.

वडील लवकर गेले आणि घराची जबाबदारी अंगावर आली. शिकता शिकता शिकवण्या, कारकुनी, शाळेत मास्तरकी, पेटी वाजवणं असं सगळं केलं. इस्माईल युसुफ, फर्ग्युसन आणि सांगलीचं विलिंग्डन अशी तीन कॉलेजं पालथी घातली. १२ जून १९४६ ला रत्नागिरीत सुनीता ठाकूर यांच्याशी साधं नोंदणी लग्न केलं. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवलं. सिनेमात गेले, तिथे १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ काढला. कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका सगळं स्वतःचं. मग सिनेमा सोडला. १९५५ साली आकाशवाणीत लागले, १९५७ ला ‘तुझे आहे तुजपाशी’ रंगभूमीवर आलं. आमच्या बँकेत एवढ्या नोकऱ्या बदललेल्या अर्जदाराला कर्ज मिळालं नसतं.

खाणं हा या माणसाच्या लिखाणात मधेमधे तोंडी लावण्यापुरता येत नाही. ‘बटाट्याची चाळ’मधला तो उपास आठवा. वजन कमी करायचा पण केलेला गृहस्थ, आणि चाळीतला प्रत्येक जण त्याला आपापला आहार सांगतोय. ‘माझे खाद्यजीवन’ तर अख्खंच खाण्यावर आहे. ते वाचताना भूक लागते, ही त्याची पहिली पावती. पण चार-पाचदा वाचल्यावर लक्षात येतं की पदार्थाच्या मागे तो करणारा माणूस, त्याचं गाव, त्याची चूल हे सगळं उभं असतं. अमक्याचं खाणं उच्च आणि तमक्याचं हलकं, असा हिशेब तिथे नाही. टिंगल आहे, भरपूर आहे, पण तिच्यात तुच्छता नाही. मी आयुष्यभर हिशेबच केला, म्हणून हा फरक मला उशिरा कळला.

१९५८ च्या सुमारास युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले आणि बी.बी.सी.त दूरचित्रवाणीचं तंत्र शिकले. परत येतात तो १९५९ मध्ये दिल्लीला दूरदर्शन सुरू झालं, आणि पंडित नेहरूंची दूरदर्शनसाठी पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांना मिळाला. युरोपच्या त्या प्रवासावर ‘अपूर्वाई’ आलं, १९६० साली. महाराष्ट्र त्या पुस्तकावर लुब्ध झाला. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची तेवढी माहीत नसते.

सुशिक्षित मराठी माणसाला तेव्हा परदेश म्हणजे विलायतच. बॅरिस्टर व्हायला जा, डॉक्टर व्हायला जा, बोट पश्चिमेलाच. परकीय चलनाची चणचण तर अशी होती की तिकीट काढायलासुद्धा रिझर्व्ह बँकेचा ‘पी’ फॉर्म लागे. आमचे जुने मॅनेजर त्याच्या गोष्टी सांगत. अशा काळात हे नवरा-बायको तोंड फिरवून पूर्वेला गेले. सिंगापूर, मलाया, बाली, थायलंड, हाँगकाँग, जपान. त्याचं पुस्तक ‘पूर्वरंग’, १९६३ चं. टोकियोचं ऑलिम्पिक आणि ती वेगवान शिन्कान्सेन रेल्वे, दोन्ही १९६४ ची. जपानचा जगात बोलबाला व्हायच्या आधीचं हे पाहणं आहे. मशीन आणि मोटारी बघायला गेलेला माणूस यात नाही. तिथली नाटकं, गाणी, नाच, बागा आणि तिथली माणसं बघायला गेलेला एक रसिक आहे, आणि सोबत हिशेब सांभाळणाऱ्या सुनीताबाई आहेत.

मी ‘पूर्वरंग’ वाचलं १९७२ साली, नगरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना. दुष्काळाचं ते साल. इकडे कोल्हारला प्रवरेच्या पात्रात वाळूच वाळू. घरी रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. परदेशाहून आलेलं पहिलं अन्न आमच्या गावाने खाल्लं ते हे, आणि कोणाला आवडलं असं मला आठवत नाही. नगरच्या खाणावळीत आमटीचा तळ दिसायचा. रात्री खोलीवर कंदिलाशी बसून मी जपान वाचत होतो. अशा वेळी दुसऱ्याच्या चांगल्या जेवणाचं वाचून राग यायला हवा होता. राग आला नाही. एवढंच ठरवलं की एकदा जपानला जायचं.

पूर्वेकडच्या या देशांचं खाणं आपल्याला वाटतं तितकं परकं नाही, हे नंतर वाचत गेलो तसं कळलं. सिंगापूर-मलायात भात, नारळ आणि मासळी; म्हणजे आपलं कोकणच. केळीच्या पानावर जेवायची पद्धत तिथेही आहे. इंडोनेशियातल्या साते नावाच्या काडीवर भाजलेल्या मांसाबरोबर शेंगदाण्याचं कालवण असतं. आपल्या दाण्याच्या कुटाला तिथला कोणी हसणार नाही. बाली बेट तर हिंदूंचं. देवळं, नैवेद्य, रामायण-महाभारताच्या कथा, भाताच्या उतरत्या शेतांना वाटून घेतलेलं पाणी. आणि हेच हिंदू सणासुदीला डुकराचं मांस शिजवतात, देवाला दाखवतात. आपला धर्म आपल्या ताटात असतो, असं मानणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला बाली फार अडचणीत टाकतं.

जपानची तर तऱ्हाच न्यारी. इ.स. ६७५ मध्ये तिथल्या तेन्मू सम्राटाने बौद्ध शिकवणीला अनुसरून गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली. त्यानंतर जवळजवळ बाराशे वर्षं हा देश चारपायी जनावरांचं मांस बहुतांशी टाळत आला. १८७२ साली मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यांच्याकडच्या सनातन्यांना केवढा धक्का बसला असेल. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिथे पोचले. त्यांच्याकडून टेम्पुरा, म्हणजे जपान्यांची भजी, आली असं मानतात. पावाला जपानी भाषेत ‘पान’ म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. आणि जपानी घरोघरी आवडीने खाल्ला जाणारा करी-राइस इंग्रजांमार्फत तिकडे गेला. अस्सल हिंदी पद्धतीची करी टोकियोतल्या नाकामुराया या दुकानात १९२७ पासून मिळू लागली, ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. १९१५ साली इंग्रजांपासून लपत जपानला गेलेल्या रासबिहारींना याच दुकानदाराच्या कुटुंबाने आसरा दिला आणि पुढे जावई करून घेतलं. शिंजुकू भागात ते दुकान आजही आहे.

पु.लं.ची पुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती बहुतेकांना माहीत आहेत. १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग, मग ‘वाऱ्यावरची वरात’, ‘असा मी असामी’. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार. १९६६ ला पद्मश्री, १९९० ला पद्मभूषण. १९७४ साली इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आणीबाणीच्या विरोधात उभे राहिले, १९७७ च्या निवडणुकीत सभा गाजवल्या, आणि निकाल लागल्यावर सत्तेच्या दाराशी न थांबता आपल्या लिहिण्याकडे परत आले.

दोन गोष्टी मात्र थांबून सांगायला हव्यात. पहिली १९७० ची. पन्नाशी उलटलेला, महाराष्ट्रभर गाजलेला हा लेखक शांतिनिकेतनात जाऊन विद्यार्थी म्हणून बसला. बंगाली शिकायला. रवींद्रनाथ मुळातून वाचायचे होते म्हणून. त्यातून ‘वंगचित्रे’ झालं. त्या वयात मी शाखेत संगणक आला म्हणून आजारपणाची रजा टाकली होती. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्याच्या भाषेत बोलावं आणि त्याच्या ताटात जेवावं, हे पु.लं.नी कोणाला उपदेश म्हणून सांगितल्याचं मला ठाऊक नाही, पण त्यांनी ते आयुष्यभर केलं.

दुसरी गोष्ट पैशाची, माझ्या धंद्यातली. १९६५ साली दोघांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान काढलं आणि प्रयोगांचं, पुस्तकांचं उत्पन्न समाजाकडे वळवलं. बाबा आमट्यांच्या आनंदवनाशी त्यांचा घरोबा होता. १९८६ साली पुण्यात व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ उभं राहिलं, त्याच्या पायात त्यांची मदत आहे. सुनीताबाई हिशेबाला फार कडक होत्या, हे त्यांच्या ‘आहे मनोहर तरी’मधून दिसतंच. ज्या घरात खाण्यापिण्याची एवढी हौस, त्या घरात स्वतःवर उधळपट्टी नव्हती. अशी खाती बँकेत क्वचित बघायला मिळतात.

शेवटची वर्षं कंपवाताने गांजलेली होती. पेटीवर फिरणारी बोटं ऐकेनाशी झाली. १२ जून २००० ला पुण्यात ते गेले. लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता तो. आपल्या सोसायटीची नोंदणी १९९९ ची. म्हणजे आपलं हे पहिलंच वर्ष. पाण्याच्या टाकीवरून त्या आठवड्यात आपल्या विशेष सभेत भांडण चाललं होतं, आणि कोणीतरी बातमी आणली. सभा थांबली. भांडणारे दोघेही चाळीतले किस्से सांगत बसले, टाकीचा ठराव त्या रात्री राहून गेला. जुन्या सभासदांना आठवत असेल.

आता माझं सांगतो.

२००७ साली मी सोसायटीचा सचिव होतो. दुसऱ्या मजल्यावर मालवणकडचं एक कुटुंब भाड्याने आलं. नवरा सरकारी नोकरीत, दोन लहान मुलं. आठवड्यातून एक-दोनदा त्यांच्याकडे सुकट भाजली जायची, कधी बोंबील. जिन्यात वास दरवळायचा. तीन घरांनी माझ्याकडे तक्रार केली. खरं सांगायचं तर चौथं घर माझं. मी नोटीस टाइप केली, उग्र वासाचे पदार्थ शिजवून इतर सभासदांना उपद्रव देऊ नये अशी, आणि खाली सही-शिक्क्यानिशी फळ्यावर लावली. नाव कोणाचं घातलं नाही. गरज नव्हती. त्या घरातल्या वहिनी त्यानंतर जिन्यात दिसल्या की भिंतीकडे सरकून वाट देत. संक्रांतीला त्या आमच्याकडे तिळगूळ द्यायला आल्या नाहीत. अकरा महिन्यांचा करार संपला, त्यांनी नवा केला नाही. माझ्या कपाटात तेव्हाही ‘पूर्वरंग’ होतं.

२०१८ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं जपानला गेलो. १९७२ चा बेत, त्याला शेहेचाळीस वर्षं लागली. टूरबरोबर आपला महाराष्ट्रीय स्वयंपाकी होता. टोकियोत पोहे, हाकोनेला वरण-भात, एकादशी आली तेव्हा साबुदाण्याची खिचडी. मंडळी खूश होती. आमची सौ.देखील खूश होती, तिला मी दोष देत नाही. परगावी पोट सांभाळावं लागतं. मला मात्र रोज जेवताना पु.लं.ची लाज वाटू लागली. क्योतोला एका संध्याकाळी मी एकटाच बाहेर पडलो आणि गल्लीतल्या एका लहानशा दुकानात शिरलो. आत सात-आठ बाकडी. बोट दाखवून उदोन मागवलं. गव्हाच्या जाडसर शेवया, गरम रश्शात, वर कांद्याची पात. मांस-मासा काही तरंगताना दिसला नाही म्हणून निर्धास्त झालो. आपल्याकडे हुलग्याची शेंगोळी करतात ना, रश्शात वळून सोडलेली, त्याच जातीचं काम वाटलं. आईची आठवण झाली. वाटी तोंडाला लावून रस्सा प्यायलो. तिथे तशीच रीत आहे.

परत येऊन आमच्या गाइडला कौतुकाने सांगितलं. तो हसला आणि त्याने मला समजावलं की त्या रश्शाला दाशी म्हणतात. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांच्यापासून तो करतात. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो नावाचा मासा. तो उकडायचा, धुरावर पुन्हा पुन्हा वाळवायचा, शेवटी लाकडासारखा टणक होतो आणि मग रंधा मारल्यासारखा त्याचा कीस काढायचा. जपानी स्वयंपाकाचा हा पायाच. सूप, शेवया, भाज्यांचं शिजवणं, सगळीकडे तो.

म्हणजे सुकट.

जन्माचा शाकाहारी माणूस मी, पण त्या रात्री मला बाटल्याचं दुःख झालं नाही. मला आपला जिना आठवला. दुकानात शिरताना नाकाला जो वास आला होता आणि मला भूक लागली होती, तो वास माझ्या ओळखीचा होता. तो मी टाइप करून फळ्यावर लावलेला होता. खोलीत सौ. झोपली होती. मी खिडकीत बराच वेळ बसलो.

गेल्या वर्षी नातवाला घेऊन पुण्याला गेलो होतो. सिंहगड रस्त्यावर जपानी पद्धतीची एक बाग आहे, दहा एकरांची, ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीची. तिला पु. ल. देशपांडे यांचं नाव दिलं आहे. हिरवळ, झुळझुळणारं पाणी, लहानसे पूल. नातू माशांना बघत धावत होता. बोटीच्या आणि विमानाच्या त्या काळात पूर्वेला गेलेल्या माणसाच्या नावाने पूर्वच इथे आली. मी मालवणच्या त्या गृहस्थांना बागेतूनच फोन लावला. नंबर एका जुन्या सभासदाकडून मिळवला होता. त्यांनी ओळखलं. मी नोटिशीचं बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की मुलगा आता नोकरीला लागलाय, मुलीचं लग्न झालं. वहिनींना फोन द्या असं मी सांगितलं, तर त्या बाहेर गेल्या आहेत असं कळलं. खरंच गेल्या असतील.

रौप्यमहोत्सवाच्या जेवणाबद्दल मी समितीला एक लेखी सूचना दिली आहे. केटरर नको. चोवीस घरांनी आपापल्या घरी जे खरं रांधलं जातं ते एक-एक भांडं आणावं, वर चिठ्ठी लावावी, ज्याला जे चालेल ते त्याने घ्यावं. शाकाहारी टेबल वेगळं ठेवू, त्याला माझी हरकत नाही, मी स्वतः तिथेच असेन. पण सुकट येणार असेल तर येऊ द्यावी. सूचनेवर दोन सभासदांचा लेखी विरोध आला आहे आणि विषय येत्या रविवारच्या सभेपुढे आहे. मालवणच्या कुटुंबाला निमंत्रणपत्रिका मी स्वखर्चाने कुरियरने पाठवली. पोच आली आहे, उत्तर अजून नाही.